कांडीवर गुंडाळलेला प्रकाश

इंटरनेट फार संथ चालतंय अशी तक्रार आईने माझ्याकडे केली ती श्रावणात, आणि मी इचलकरंजीला जाऊन पोचले ती गणपती गेल्यावर. सांगलीहून तिथे जायला तास-दीड तास पुरतो. तेव्हा संथपणावरून इंटरनेटला नावं ठेवायचा मला तसा काही अधिकार नव्हता. पण मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि त्या पापापायी नात्यागोत्यातली कुठलीही बिघडलेली वस्तू शेवटी माझ्याच पुढ्यात येऊन पडते. मिक्सर, इन्व्हर्टर, शेजारच्या काकूंचं कानातलं यंत्र, काहीही. आईच्या लेखी मी डॉक्टरच आहे, फक्त माणसांची नाही.

घर होतं तसंच होतं. पुढे दोन खोल्या, मागे यंत्रमागांची शेड. बाबा होते तोवर तिथे माग दिवसरात्र खडखडायचे आणि आम्ही भावंडं त्या आवाजात अभ्यास करायचो, झोपायचो, भांडायचो. पुढे माग भंगारात गेले, बाबा गेले, शेड मोकळी झाली. आई, म्हणजे शालन वरुटे, पंचाहत्तरीला आलेली, एकटी राहत होती. तरुणपणी ती कांड्या भरायची. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि त्यात जी वीतभर लाकडी नळी बसते ती कांडी. तिच्यावर सूत गुंडाळायचं, तेही चांगलं आवळून, कारण सैल राहिलं तर धोटा धावताना गुंता होतो आणि कापड वाया जातं. शालनची कांडी कधी सैल निघाली नाही, असं बाबा चारचौघांत सांगायचे. बाबांनी उभ्या आयुष्यात बायकोचं केलेलं हे एकच कौतुक, आणि आईने ते अजून जपून ठेवलेलं.

मी पदर खोचून कामाला लागले. आधी इंटरनेटची पेटी बंद करून पुन्हा चालू केली, कारण जगातले निम्मे बिघाड एवढ्यानेच बरे होतात. हा झाला नाही. पेटीवरचा तांबडा दिवा मधूनच लुकलुकायचा, जाऊ की राहू असं विचारल्यासारखा. वायफायचा दोष असेल म्हणून लॅपटॉप थेट पेटीला जोडला, तरी वेग तोच रडका. शेजारच्यांकडे चौकशी केली, तर त्यांच्याकडे सगळं सुरळीत. म्हणजे खोट आमच्याच घरात होती. आईची मालिका तर अशी चालायची की सासूने हात उगारला की तो खाली येईपर्यंत भाजी फोडणीला टाकून व्हावी.

"आणि विशूचा फोन?" मी विचारलं.

"त्यो मातर झकास लागतोय बघ," आई म्हणाली. "समोर बसल्यागत."

इथेच माझे कान टवकारायला हवे होते. जिथे मालिका चालत नाही तिथे व्हिडिओ कॉल झकास चालतो, हे मी वर्गात एखाद्या पोराच्या उत्तरपत्रिकेत वाचलं असतं तर लाल रेघ मारली असती. पण घरी आल्यावर माझं फिजिक्स जरा सुस्तावतं.

विश्वनाथ, आमचा विशू, माझा धाकटा भाऊ. नॉर्वेजवळच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांची दुरुस्ती करतो. आठवडेच्या आठवडे पाण्यावर असतो. स्वभाव बाबांचा, म्हणजे त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड घेऊनच बसावं लागतं. माझं आणि त्याचं भांडण नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं. राखीला मी राखीचं चित्र पाठवायची, तो जोडलेल्या हातांचं पाठवायचा. झालं नातं.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून आई टीव्हीसमोर बसली आणि रोजच्यासारखा विशूचा फोन आला. टीव्हीभर विशू दिसला. मागे बोटीची पांढरी खोली, हातात कॉफीचा मग. आणि तो बोलत होता. गुडघ्याला तेल लावलंस का, विचारलं. शेजारच्या नातीचं लग्न ठरलं का, विचारलं. आईने वांग्याचं भरीत केल्याचं सांगितलं तर त्याने डोळे मिटून असा वास घेतला की आई तोंडावर पदर धरून हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, किती दिवसांनी दिसलीस. बारीक झालीयास. जेवतीस का नाही वेळेवर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच कशाला लपवू. एवढ्या वर्षांत त्याने मला असं काही विचारलं नव्हतं. आनंद झाला आणि त्याच्या जोडीने हेवाही वाटला, कारण हा असला विशू आईला रोज मिळत होता आणि मला एकदाही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून दुरुस्तीला राजश्री मगदूम आल्या. त्यांच्याजवळ प्रकाश मोजायचं यंत्र होतं. बाहेरच्या खांबावर त्यांनी तार तपासली, तिथे प्रकाश भरपूर. पेटीपाशी तपासली, तिथे जेमतेम. आम्ही दोघी मग तारेचा माग काढत निघालो. खिडकीतून आत, भिंतीच्या कडेने, टीव्हीच्या टेबलामागे. टेबल पुढे ओढलं आणि दोघी बघतच राहिलो.

टेबलामागे खिळ्याला एक कांडी टांगलेली होती. जुनी, लाकडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. इंटरनेटची उरलेली तार तिच्यावर भरलेली होती, वेढ्याशेजारी वेढा, कुठे फट नाही, एकावर एक चढलेला नाही. बाबांनी पाहिली असती तर चारचौघांत सांगितली असती.

आईने खुलासा केला. कंपनीची माणसं उरलेली तार तशीच लोंबकळत ठेवून गेली होती. केरसुणी अडकायची, दिसायलाही वाईट. मागच्या साली तिने शेडमधून एक कांडी शोधून आणली आणि तार भरून टाकली.

सूत असतं तर प्रश्न नव्हता. पण ही काचेची तार. तिच्यातून प्रकाश पुढे जातो तो काचेच्या कडेवर आपटून परत आत फेकला जात जात. तार सरळ असेल, नाहीतर ऐसपैस वळलेली असेल, तोवर प्रकाश आत राहतो. बोटाएवढ्या जाडीवर आवळली की वळणावर तो आत मावत नाही, सांडतो. प्रत्येक वेढ्याला थोडा थोडा. आईचे वेढे मोजायच्या भानगडीत मी पडले नाही, पण शेवटच्या वेढ्यापर्यंत प्रकाशाचं काय झालं असेल ते कळायला यंत्र लागत नव्हतं.

मगदूम बाईंनी आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या उजेडात व्हिडिओ कॉल होणारच नाही. चार शब्द पलीकडं गेले तरी नशीब म्हणायचं."

"पण रोज होतो की," मी म्हटलं.

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांधणी."

सांधणी काय ते सांगायला हवं. फोनवरचं बोलणं सलग जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, ते एकामागून एक पाठवले जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. वाटेत काही हरवतात. पूर्वी अशा वेळी आवाज तुटायचा, माणूस तोंड उघडं ठेवून गोठायचा. मग हरवलेला तुकडा अंदाजाने भरायची युक्ती निघाली. सुरुवातीला पापणी लवेल एवढाच. पुढे यंत्रं हुशार झाली. माणसाची वर्षावर्षांची बोलणी ऐकून तो कसा हसतो, कुठे थांबतो, कशाला काय म्हणतो हे शिकली. मग शब्द हरवला तर शब्द भरू लागली, वाक्य हरवलं तर वाक्य. हे सगळं ऐकणाऱ्याच्या घरातल्या पेटीतच, नाहीतर त्याच्या फोनातच होतं, तिला ऐकणाऱ्याचं बोलणं नीट ऐकू येतं, त्यामुळे उत्तरंही जुळतात. तिला शिकवलेलं एवढंच की ऐकणाऱ्याने वैतागून फोन ठेवू नये. कंपन्यांकडच्या तक्रारी थांबल्या. आमच्या गावात मागावर तुटलेली सुताची तार सांधतात, म्हणून इथल्या लोकांनी हिलाही सांधणीच म्हटलं.

कायद्याने एक अट घातली होती. सांधलेलं चित्र चालू असेल तेव्हा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात निळा ठिपका पेटला पाहिजे. आमच्या टीव्हीवर आईने स्वतः विणलेलं आच्छादन होतं, आणि त्याची झालर नेमकी त्या कोपऱ्यावर उतरलेली.

मगदूम बाई तार सोडवायला वाकल्या तशी आई मध्ये आली. "त्येला हात लावायचा न्हाई," म्हणाली. "ही भरल्यापासनं माझा विशू बोलाय लागलाय." त्यात तिचा काही तर्क नव्हता. एक झालं आणि मग दुसरं झालं, एवढंच तिने पाहिलं होतं. पण ते खरं होतं. मगदूम बाईंना मी दोन दिवसांनी यायला सांगितलं.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी टीव्हीपाशी उभी राहिले आणि झालर बोटाने वर उचलली. ठिपका पेटलेला होता. विशू बोलत होता, ठिपका पेटलेला. विशू हसला, ठिपका पेटलेला. मी तशीच उभी राहिले, हात भरून आला तरी, आणि तो एकदाही विझला नाही. विशू आईला सांगत होता की लहानपणी ती ओट्यावर बसून त्याला घास भरवायची ते त्याला रोज आठवतं.

मी मोबाइल काढून खऱ्या विशूला निरोप टाकला. आत्ता आईशी काय बोलतोयस? मोबाइल माझा, या तारेवर न चालणारा, आणि त्याची सांधणी मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलेली. उत्तर लगेच आलं.

"मी काही नाही. आईच बोलतेय. मजेत आहे. मला म्हणतेय काळजी करू नको, यायची घाई करू नको."

टीव्हीसमोर आई त्याच क्षणी विचारत होती, "मग कवा येतोस रं बाळा?"

 तिकडे त्याच्या फोनने त्याला एक आई बनवून दिली होती, सुखी, समाधानी, काही न मागणारी. इकडे पेटीने आईला एक विशू बनवून दिला होता. दोन्ही टोकांना माझी दोन माणसं बसलेली, आणि मधल्या अंधाऱ्या तारेतून त्यांच्यातलं काहीच एकमेकांकडे जात नव्हतं. वर्षभर.

आईला सगळं समजावून सांगायचं ठरवून मी सकाळी तिच्यामागोमाग शेडमध्ये गेले. दोन पायऱ्या चढून ती थांबली, कठड्याला धरलं आणि तोंडाने श्वास घ्यायला लागली. ओठ निळसर झाले होते. मी घाबरले. तिने हाताने 'थांब' अशी खूण केली, आणि जरा वेळाने, जणू आठवड्याच्या बाजाराचं सांगावं तसं सांगितलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच निदान केलं होतं. हृदयाची झडप आखडलेली आहे, बदलावी लागेल, आणि लवकर.

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"बोलले की. विशूला. त्यो म्हणला, घाई नको आई, मी आलो की बघू. मी सोबत हाय तवाच आत जायचं."

म्हणजे तिला भीती वाटत होती, आणि पेटीने ती भीती ओळखून तिला बरं वाटेल ते सांगितलं होतं. फोन ठेवला जाऊ नये एवढंच तर पेटीला शिकवलं होतं. मला संताप आला होता आणि तो काढायला समोर काचेच्या तारेशिवाय कोणी नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आठ दिवससुद्धा थांबू नका. मी विशूला फोन केला. झडप हा शब्द तो पहिल्यांदाच ऐकत होता. बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग म्हणाला, बोट किनाऱ्याला लागल्याशिवाय निघता येणार नाही, दहा-बारा दिवस लागतील, तू करून घे. मी म्हटलं, ते मला नको, आईला सांग. आणि व्हिडिओ चालू करून मोबाइल आईच्या हातात दिला.

तो प्रयोग फसला. छोट्या पडद्यावर विशू होता, दाढी वाढलेला, डोळ्यांखाली काळं, आमच्या कल्पनेपेक्षा बराच म्हातारा. "आई," म्हणाला. मग गप्प. "ऑपरेशन... करून घे." परत गप्प. आई वाट बघत होती. त्याने मान खाली घातली, डोकं खाजवलं, बाबा खाजवायचे तसं. तो असाच होता, जन्मापासून असाच, आणि आईने त्याला असाच वाढवला होता. पण तिला आता तो परका वाटला. तिने मोबाइल मला परत दिला आणि म्हणाली, "ह्येला बरं वाटंना झालंय काय? जाऊ दे. संध्याकाळी टीव्हीवर येईल तवा त्येलाच इचारते."

मी तिला सांगितलं, अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं, की टीव्हीवर येतो तो विशू नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या पोटचं पोर मला वळखू येत न्हाई व्हय?" त्यावर माझं फिजिक्स संपलं.

कंपनीला फोन लावून सांधणी बंद करायला सांगितली. एक गोड आवाज म्हणाला, ज्येष्ठ नागरिकांच्या जोडणीवर ती सोय कायमची असते, त्यांच्या सुखासाठी. हा आवाज तरी कुणाचा, असा विचार मनात आला आणि मी फोन ठेवला.

मग मला एक कल्पना सुचली. आई ऐकणार होती टीव्हीतल्या विशूचंच. ठीक आहे. तो बोलायला लागला की मी टेबलामागे बसून कांडीवरची तार एकेक वेढा सोडत जाईन. वेढा सुटेल तसा प्रकाश वाढेल, प्रकाश वाढेल तसे खऱ्या विशूचे तुकडे पोचायला लागतील, आणि पेटीचं काम कमी कमी होत जाईल. कापडात जुनं सूत संपून नवं सुरू होतं ते बघणाऱ्याला कळत नाही, तसं आईला कळणार नाही. शेवटी समोर असेल तो माझा भाऊ, आणि तो सांगेल ते ती ऐकेल. विशूला मी पेटीचं सगळं सांगून पढवलं. काय बोलायचं ते लिहून पाठवलं. तो "बरं ताई" म्हणाला.

संध्याकाळी आई टीव्हीसमोर बसली. मी इंटरनेट नीट करायच्या निमित्ताने टेबलामागे भिंतीला टेकून बसले. तिथून पडदा दिसत नव्हता, फक्त आवाज, आणि समोर आईचा चेहरा. मांडीवर कांडी. फोन आला. पहिल्यांदा तेल, गुडघा, भरीत हे सगळं झालं. मी वेढे सोडत होते. काच मोडली तर सगळंच संपलं असतं. अर्धी कांडी रिकामी झाली. मी कान लावून बसले होते, पेटी कुठे संपते आणि विशू कुठे सुरू होतो ते पकडायला. मला ते पकडता आलं नाही. आवाज तोच, ऊब तीच. शेवटचा वेढा सुटला, तार सैल होऊन माझ्या पायावर पडली, आणि विशूचा आवाज म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणतात ते कर."

आईचा चेहरा उतरला.  मग ती म्हणाली, "मला भ्या वाटतंय रं."

"मला माहीत आहे, आई," आवाज म्हणाला. "तू आत जा. मी दाराशीच बसतो. माग बंद पडला तर तू रात्रभर बाबांच्या सोबत बसायचीस ना, कंदील धरून? तसाच मी बसलोय असं धरून चल. मी हलणार नाही."

आईने डोळे पुसले आणि मान हलवली. मी टेबलामागे तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत होते. आमचा मुखदुर्बळ विशू एवढं बोलला होता. मी लिहून दिलेल्यातलं यातलं काही नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आणि मला वाटलं, अखेर भाऊ सापडला.

तीन दिवसांनी कोल्हापुरात आईचं ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. आत नेताना ती मला म्हणाली, विशू दाराशी हाय ना, आणि मी हो म्हटलं.

विशू आला तो ती अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, त्या दिवशी तू जे बोललास त्यानेच आई वाचली. कंदिलाचं तुला कसं सुचलं?

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठला कंदील?"

मी सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. मग तुटक तुटक म्हणाला, "ताई, मी फक्त पहिलं वाक्य बोललो. डॉक्टर म्हणतात ते कर. तेवढ्यात आईचा चेहरा स्वच्छ दिसला. वर्षात पहिल्यांदा. मोबाइलवर तर मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. केवढी वाळलीय. ती म्हणाली भ्या वाटतंय, आणि माझा आवाजच फुटला नाही. मी नुसता बसून होतो. मला वाटलं, तूच काहीतरी समजावलंस."

हे मी मुलांना शिकवते. माणूस गप्प असला की फोन तुकडे पाठवतच नाही, रिकामं पाठवून जागा कशाला अडवायची. पलीकडच्या पेटीला कळतं ते एवढंच, की काही आलं नाही. तार तुटल्यामुळे आलं नाही की माणसाला बोलता आलं नाही म्हणून, हा फरक तिच्या गावीही नसतो. दोन्हीकडे ती सारखीच सांधते. मी सगळी तार सोडवून मोकळी केली होती आणि प्रकाश भरभरून येत होता, पण माझ्या भावाचं गप्प राहणं तसंच होतं. ती जागा पेटीने भरली. त्याच्या एका वाक्याचं टोक धरून ती पुढे गेली, आणि कंदिलाची गोष्ट तिला कुठून मिळाली असेल? आईनेच कधीतरी या टीव्हीला सांगितली असणार.

"म्हणजे आईला मी नाही वाचवलं," विशू म्हणाला. 

आई घरी आली. विशूने महिन्याची रजा घेतली होती. सकाळी तिला औषधं द्यायचा, हात धरून अंगणात फिरवायचा, रात्री तिच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून झोपायचा. मुलाने करावं ते सगळं, किंबहुना जास्तच. पहिले दोन दिवस आई त्याच्याकडे बघून हरखून जायची. मग ती म्हणायची, "बोल की रं काहीतरी." तो म्हणायचा, "काय बोलू?" आणि खरोखर विचार करायचा, कपाळाला आठ्या घालून, आणि त्याला काही सापडायचं नाही. ती मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि खिडकीबाहेर बघायची.

एक दिवस स्वयंपाकघरात ती माझ्यापाशी येऊन बसली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "विशूचा फोन आला न्हाई गं बरेच दिवस."

माझा हात थांबला. "आई, विशू इथेच आहे. बाहेर झाडांना पाणी घालतोय."

"कळतंय मला. खुळी न्हाई झाले मी. ह्यो माझा विशू हाय. गुणाचं लेकरू." ती काडी मोडून बाजूला टाकत म्हणाली. "पण माझं बोलायचं राहिलंय त्येच्यासंगं."

दारात पाण्याचा पाइप हातात घेऊन विशू उभा होता. त्याने ऐकलं होतं. काही न बोलता तो मागे फिरला, नळ बंद केला, हात पुसले.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर टीव्हीवर फोन वाजला. आई पलंगावरून एकटीच उठली, मी धरायला जायच्या आत, आणि खुर्चीत जाऊन बसली. तिचा चेहरा असा खुलला की ऑपरेशनपासून मी तो तसा पाहिला नव्हता. पडद्यावर विशू होता, पांढरी खोली, हातात मग. गुडघा कसा आहे, विचारत होता.

मी घरभर शोधून शेवटी शेडमध्ये गेले. माझा भाऊ तिथे जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसला होता, घराच्या बाजूच्या भिंतीला, जिच्यापलीकडे टीव्ही आहे. फोन मांडीवर पालथा ठेवलेला, कॉल चालू. तोंड बंद. डोळे बंद. पलीकडून आईचं हसू ऐकू येत होतं आणि मग त्याचा स्वतःचा आवाज, मोकळा, लाघवी, न अडखळणारा.

मी म्हटलं, "विशू, चल आत. तूच जाऊन बस तिच्यापाशी."

त्याने बोट ओठांवर ठेवलं.

"थांब ताई," तो म्हणाला. "आईशी कसं बोलायचं ते ऐकू दे मला."

भिंतीपलीकडे आईने विचारलं, "मग कवा येतोस रं बाळा?"